तिजोरीचं दार कोणी लावलं

माझा धंदा खोट्याचा. म्हणजे थापा मारायचा नव्हे. त्याला तोंड चालवावं लागतं आणि ते मला कधी जमलं नाही. मी सिनेमाच्या सेटवरचा सुतार. थर्माकोलचे दगडी खांब, प्लायवूडचे लोखंडी कठडे, राजाने टेकून बसू नये एवढी एकच अट असलेली सिंहासनं, असलं सगळं मी जन्मभर केलं. लोक मला मिस्त्री म्हणत. आमची ही मात्र पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायची, "हे खोटं काम अगदी खरं करतात." पाहुणे हसायचे. मीही हसायचो, कारण खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली.

तिचा धंदा माझ्याहून खोटा. सिनेमात माणूस चिखलातून चालतो तेव्हा जो पचक पचक आवाज येतो, तो त्याच्या पायांचा नसतो. एका अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत कोणीतरी ओल्या फडक्यांचा बोळा घमेल्यात आपटत असतं. ते कोणीतरी म्हणजे ही. पडद्यावर घोड्याचं खोगीर कुरकुरलं की मला कळायचं, माझी जुनी चामड्याची पिशवी घरातून कुठे गेली ते. पाऊस म्हणजे पत्र्याच्या ताटात तांदूळ. कोणाला थोबाडीत बसली की ही स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायची. एका मारामारीच्या सिनेमानंतर आठवडाभर तिला धड बसता येत नव्हतं. दिसायला गरीब गाय, पण घरातली एक वस्तू तिने बडवून पाहायची सोडली नाही.

आम्ही दोघांनी मिळून काम असं एकच केलं. ते म्हणजे तिजोरीचं दार.

तो सिनेमा बँकेवरच्या दरोड्याचा होता. शेवटी दरोडेखोर पळून जातात आणि म्हातारा खजिनदार तिजोरीत अडकतो. कॅमेरा त्याच्याबरोबर आत. समोरून ते भलंमोठं गोल दार फिरत येतं, उजेडाची फट बारीक होत जाते आणि पडदा काळा होतो. त्या काळ्या पडद्यावर नुसता आवाज. आधी काहीतरी जड घासत आल्याचा, मग पोटात बसणारा दणका, आणि दणका विरल्यावर बराच वेळ एक बारीक किणकिण, आता थांबली म्हणेपर्यंत पुन्हा चाललेली. त्या किणकिणीला थिएटरात कोणी खोकत नसे.

दार मी केलं होतं. माणसाच्या डोक्याहून हातभर उंच, दिसायला हत्तीला न हलणारं आणि प्रत्यक्षात दोन माणसांनी गप्पा मारत उचलून न्यावं असं. मिटलं की 'फट्' वाजायचं, रिकाम्या कपाटासारखं. त्याला आवाज हिने दिला. दिग्दर्शकाला तिने एवढंच विचारलं होतं, "बाहेरून ऐकू येतो तसा हवा की आतून?" तो म्हणाला, "आतून." त्यावर ही "बरं" म्हणाली आणि थोड्या दिवसांनी टेप घेऊन गेली.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही पहिल्याच खेळाला गेलो. दार बंद झालं तेव्हा मी हळहळलो, "बिचारा म्हातारा, काय वाटत असेल त्याला!" हिने माझ्याकडे वळून बघितलं. अंधारात तिचा चेहरा मला दिसला नाही. दिवे लागल्यावर मी टाळ्या वाजवल्या. घरी चालत येताना मी विचारलं, "कशाचा आवाज गं तो?"

"तुम्हीच दार लावलंत ना," ती म्हणाली. "मी काय, नुसती आत होते."

मला वाटलं, बायको कौतुक करतेय. सिनेमात यायच्या आधी घराघरांतली दारं लावण्यात माझी पहिली काही वर्षं गेलेली. बिजागऱ्या मारायच्या, ओळंबा बघायचा, चारी बाजूंनी फट सारखी काढायची. 'दार कोणी लावलं हो, छान लावलंय,' याहून मोठी शाबासकी आमच्यात नाही. तेव्हा अर्थ सरळ होता. दार तुमचं, कर्तृत्व तुमचं, मी आपली स्टुडिओत आत बसून होते. मी खूश झालो. पुढे कितीदा विचारलं, कितीदा तेच उत्तर मिळालं, आणि दर वेळी ती नुसती हसली. मी म्हटलं, असेल धंद्याचं गुपित. लाकडाला गंज दिसावा म्हणून रंगात काय कालवतो ते मी तरी कुठे कोणाला सांगत होतो.

दोघांचीही नावं सिनेमाच्या पाट्यांमध्ये नव्हती. माझं एका मोठ्या साहेबाच्या नावाखाली दडलं, तिचं दुसऱ्या साहेबाच्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मध्यंतरी एक तरुण माणूस घर शोधत आला. जुन्या सिनेमांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार होता. मला म्हणाला, "काका, ते तिजोरीचं दार कुठे मिळेल?"

"त्याचं पुढच्या सिनेमात जहाज झालं," मी सांगितलं. "जहाज बुडाल्यावर फळ्या सेटच्या पहारेकऱ्याने नेल्या. त्याच्या कोंबड्या राहायच्या त्यात."

तो हसला नाही. त्याच्या तोंडावर खरंच दुःख दिसलं, तेव्हा मला तो आवडला. मग म्हणाला, "तसंच दुसरं कराल? अगदी त्याच मापाचं?"

करीन म्हणालो. मला काय, दिवस घालवायला काहीतरी हवंच होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशी माझी गत. मुलगी याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला. तिचं चष्म्यांचं दुकान आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन जाते. बाकी दिवस मी आणि भिंती. सकाळी उठून दोन कपांचं पाणी गॅसवर ठेवायचं, मग एक कप ओतून द्यायचा, हे मी अजून करतो. हाताला सवय आहे, हाताला कोण समजावणार.

माझं वर्कशॉप केव्हाच गेलेलं, म्हणून दार घरातच उभं राहिलं, बाहेरच्या खोलीत. सोफा आडवा करून झोपायच्या खोलीत ढकलला, टेबल बाल्कनीत. तिची खुर्ची तेवढी हलवली नाही. तिच्यावर मी स्क्रूचे डबे ठेवले आणि मग दर वेळी डबा उचलताना ओशाळलो. प्लायच्या दोन गोल चकत्या कापल्या, मध्ये बरगड्या घातल्या, आणि कडेला पातळ प्लाय वाकवून बसवला. प्लाय वाकवताना मागच्या बाजूने करवतीने जवळजवळ चिरा मारायच्या आणि गरम पाण्याचं फडकं फिरवत राहायचं. घाई केली की मोडतो. घरातून बाहेर काढता यावं म्हणून दार दोन अर्ध्यांत केलं आणि नट-बोल्टने जोडलं. ही अक्कल मला दार अर्धं झाल्यावर सुचली, हे प्रदर्शनवाल्याला सांगितलं नाही. अडसर म्हणजे नळाचे प्लास्टिक पाइप. दारावरच्या फिरवायच्या चाकाचे आरे म्हणजे पडद्याच्या दांड्या. रिव्हेट म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि ती मात्र घरात भरपूर निघाली. तिच्या शेवटच्या वर्षातली होती. फेकायचं जिवावर आलं होतं, आता कामाला आली.

दार आकाराला येऊ लागलं तसा मी त्याच्याशी बोलायला लागलो. घरात एवढं मोठं कोणीतरी उभं असताना गप्प बसणं बरं दिसेना.

मग प्रदर्शनवाल्याचा फोन आला. सिनेमाची एकच प्रत कुठेतरी सापडली होती, चित्र ठीक होतं, पण आवाजाची पट्टी पार खराब झालेली. त्याला प्रदर्शनात असं करायचं होतं, की बघायला आलेल्या माणसाने दार ढकललं की तो आवाज यावा. "लहानपणी टीव्हीवर ऐकलेला तो आवाज तर गेला, काका," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटरवर तिजोरीच्या दाराचे तयार आवाज मिळतात. त्यातला एखादा टाकू. कोणाला कळणार आहे?"

'कोणाला कळणार आहे' या वाक्यावर आमचा सगळा धंदा चालायचा, तेव्हा रागवायचा मला हक्क नव्हता. तरी राग आलाच. मी म्हटलं, "मला कळणार आहे."

"पण मूळ आवाज आणायचा कुठून?"

"मी काढून देतो. दार न्यायला ट्रक येईपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुमचा कॉम्प्युटर आहेच."

फोन ठेवला आणि कळलं, काय बोलून बसलो ते. हिने आयुष्यभर शेकडो आवाज काढले, आणि सगळे कोणाच्या तरी पायाखाली, कोणाच्या तरी घोड्याखाली दडपून गेले. लोक लक्षात ठेवतील असा एकच होता, काळ्या पडद्यावरचा, ज्याच्यापुढे बघायला दुसरं काही नव्हतं. तो गेला तर तिचं या जगात काही उरत नव्हतं. आणि तो पुन्हा काढू शकेल असा माणूस उरला होता मी, ज्याला चमचा पडला की वाटी पडली तेही कळत नाही.

मी कामाला लागलो. आधी लोखंडी ट्रंक आपटून पाहिली. मग कपाट, मग फ्रीजचं दार, मग गॅसचा सिलिंडर फरशीवरून ओढला. खालच्या मजल्यावरून निरोप आला की दुरुस्ती चालू असेल तर कधी संपणार ते कळवा. पलीकडच्या माणसाच्या गाडीची डिकी मागून घेतली आणि पंधरा-वीस वेळा आपटली. शेवटी तो माणूस हात धरून मला बाजूला करून गाडी घेऊन निघून गेला. दणका थोडाफार जमायचा. पण दणक्यानंतरची ती किणकिण कशातच नव्हती. किल्ल्यांचा जुडगा हलवला, चमचे दोरीला टांगले, तिच्या बांगड्यांचा डबा बाहेर काढला. बांगड्या हातात घेतल्या आणि तशाच परत ठेवल्या. त्यांचा आवाज मला चांगला ठाऊक होता आणि तो हा नव्हता.

मुलगी आली तेव्हा मी बादलीत साखळदंड सोडत होतो. तिला मी ठमी म्हणतो. तिचे केस पिकायला लागले तरी ठमीच.

ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय?"

"तुझ्या आईचा आवाज शोधतोय."

तिचा चेहरा एकदम बदलला. तिने पर्समधून फोन काढला, बोटाने खालीवर केलं आणि माझ्या कानाशी धरला. ही बोलत होती. "ठमे, पोचलीस की कळव गं. आणि डबा धुऊन ठेव, तसाच ठेवशील तर वास येईल." तीन वर्षांनी. मी साखळदंड खाली ठेवला.

"माझ्याकडे असे बरेच आहेत," ठमी म्हणाली. "तुम्हाला देते सगळे. पण हे आपटणं बंद करा."

"हा नाही गं," मी कसाबसा म्हणालो. "हा तिचा बोलायचा आवाज. मला तिच्या कामाचा हवाय."

मग तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि मग नेहमीचं सुरू केलं: दार एकदाचं गेलं की माझ्याकडे राहायला चला, एकटे राहून डोकं फिरेल. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे तिला आईकडून ठाऊक आहे.

"निदान घरचं दार तरी नीट करा," ती निघताना म्हणाली. "जगाची दारं लावलीत आणि आपलं खाली घासतंय. आई सांगून सांगून थकली."

हे खरं होतं. दिव्याखाली अंधार. आमच्या घराचं दार पहिल्यापासून फरशीला घासतं. आतून लावायचं तर खांद्याने रेटावं लागतं. बाहेरून लावायचं तर मुठीला धरून आधी वर उचलायचं आणि मग जोरात हिसका द्यायचा, की लॅच आपोआप बसतं. ते तंत्र मला एकट्याला जमायचं. मी कामाला निघायचो तेव्हा ही स्वयंपाकघरात नाहीतर अंथरुणात असायची. तिला हातातलं टाकून उठावं लागू नये म्हणून मी 'येतो गं' म्हणायचो आणि बाहेरून दार ओढून घ्यायचो. उत्तराची वाट कोण बघतो! बाहेरगावी शूटिंग असलं की असा निघालेला मी महिना महिना परतायचो नाही. पण बायकोला दारापर्यंत यायचे कष्ट दिले नाहीत, याचं मला कौतुक होतं. माझं मलाच.

बाकी कोणीही आलं-गेलं की जायच्या वेळी म्हणतं, "दार लावून घ्या." मग घरातल्याने उठायचं, रेटायचं, साखळी अडकवायची. ठमीही तेच म्हणाली. ती जिना उतरून गेल्यावर मी दार रेटलं आणि साखळी अडकवली. पाहुणा गेल्यावर साखळी अडकवण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

दार पूर्ण होत आलं. फटींत लांबी भरून, घासून, राखाडी रंग दिला. आवाजाचा पत्ता नव्हता. ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता, आणि मी मनातल्या मनात हिची माफी मागून टाकली होती. प्रदर्शनवाल्याला फोन करून 'तुमचा कॉम्प्युटर लावा' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. दुपारपर्यंत टाळलं.

त्या दुपारी शेवटचा हात चालू होता. शिसपेन्सिलीच्या काळ्या भुकटीने रंग घासला की त्याला पोलादाची झाक येते. बाहेर वारा सुटला होता, धूळ आत येऊन कामाची माती झाली असती, म्हणून मी सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. ठमी जेवण घेऊन आली होती. ती मधल्या सुट्टीत दुकान बंद करून आली होती म्हणजे माझी काळजी वाटत असणार.

जेवण झाल्यावर चाकाचा दांडा हलताना दिसला. तो मागून चिकटवून, गोंद धरेपर्यंत हाताने दाबून बसायचं होतं. त्यासाठी दाराच्या मागच्या अंगाला मी एक झडप ठेवली होती. तिच्यातून डोकं, खांदे आणि दोन्ही हात आत घातले आणि दांडा धरून बसलो. आत काळोख. दार आतून म्हणजे नुसता पोकळ ढोल. माझा श्वास मलाच मोठ्याने ऐकू येत होता.

"बाबा, मी निघते," बाहेरून ठमीचा आवाज आला. "दुकान उघडायची वेळ झाली."

"थांब, आलो दार लावायला."

"कसे येणार? हात अडकलेत ना? उठू नका. मीच लावून जाते."

"तुला नाही जमणार! वर उचलून ओढ!"

"ठाऊक आहे हो. लहानपणापासून बघतेय."

आणि तिने लावलं.

आधी ते घासत आलं. फरशीवरून लाकूड घासत आल्याचा तो खरखरीत आवाज बंद घरातून, भिंतींतून, माझ्या ढोलात शिरला आणि जाड झाला. मग दणका. सगळी हवा एकदम कोंडल्यासारखी झाली आणि तो माझ्या पोटात बसला. आणि मग, दणका विरत असताना, किणकिण. दारावरची साखळी. आतून लटकणारी, मोकळी सुटलेली साखळी लाकडावर आपटत होती, हलत होती, थांबते म्हणेपर्यंत पुन्हा लागत होती. आतून लावणारा माणूस साखळी हातात धरतो आणि अडकवून टाकतो. ती अशी वाजते ती फक्त बाहेरून दार ओढल्यावर, आणि ऐकू येते ती फक्त आत राहिलेल्या माणसाला.

मी आत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

'तुम्हीच दार लावलंत ना. मी काय, नुसती आत होते.'

बाई मला सरळ सांगत होती. दर वेळी, त्याच शब्दांत, काहीही न लपवता. पण सांगत होती सुताराला. मला दार लावणं म्हटलं की बिजागऱ्या दिसायच्या. दिग्दर्शक म्हणाला, आतून ऐकू येतो तसा आवाज हवा. हिला तो शोधायला कुठे जावंच लागलं नाही. एका सकाळी तिने घरात टेप चालू करून ठेवली असेल, मी नेहमीसारखा निघालो असेन. टेप सावकाश फिरवली की कुठलाही आवाज जड होतो, एवढं तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. बाकी काही करायची गरज नव्हती. घरचंच दार होतं, आणि ते लागलं की माणूस महिनाभर येत नव्हता.

त्या खजिनदारासाठी मी थिएटरात हळहळलो होतो. शेजारी ही बसली होती.

मला रडू आलं. हात दांड्याला धरलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. गोंद वाळेपर्यंत तसाच बसून राहिलो. साखळी केव्हा थांबली कळलं नाही. नंतर घरात काहीच वाजत नव्हतं, आणि ते काहीच न वाजणंही तिने ऐकलं असणार, माझ्याहून कितीतरी जास्त. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच ऐकवलं, तेही भरल्या थिएटरात, आणि मी टाळ्या वाजवल्या.

हात सुटल्यावर मी फोन केला. "आवाज सापडला," म्हटलं. "सकाळी ट्रकच्या आधी या. यंत्र घेऊन या."

तो आला. काडेपेटीएवढं यंत्र. मी ते तिजोरीच्या दाराच्या झडपेतून आत, मी बसलो होतो तिथे ठेवायला सांगितलं. खिडक्या लावल्या. साखळी मोकळी सोडली.

"वाजवायचं काय?" त्याने विचारलं.

"हे." मी घराच्या दारावर हात ठेवला.

त्याने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शहाणा होता. "बरं. मी बाहेर जाऊन ओढतो. तुम्ही आत बसून ऐका, तोच आहे का ते."

"नाही," मी म्हणालो. "मीच लावणार. आणि आत कोणी थांबायचं नाही."

मग प्रदर्शनातल्या पाटीचं बोलून घेतलं. दाराशेजारी माहितीचा फलक लागणार होता, त्यावर मी त्याला एक ओळ जादा घालायला लावली: आवाज कोणाचा. त्याने नाव विचारलं. मी तिचं नाव सांगितलं. लग्न झाल्यापासून मी ते कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, 'अगं'वरच संसार झाला. त्याला नीट ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

त्याने यंत्र चालू केलं आणि पाऊल न वाजवता बाहेर आला. मी चपला घातल्या, किल्ली खिशात आहे ना ते चाचपलं आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. समोर बाहेरची खोली दिसत होती, तिची खुर्ची, खुर्चीवर स्क्रूचे डबे आणि मागे ते मोठं राखाडी दार. मुठीला धरून वर उचललं आणि हिसका दिला.

बाहेर नुसतं 'खट्' वाजलं. बाहेरून एवढंच ऐकू येतं. मी जन्मभर एवढंच ऐकत आलो होतो.

आतली साखळी थांबली असेल असं वाटेपर्यंत आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. मग मी किल्लीने दार उघडलं. त्याने आत जाऊन यंत्र आणलं, कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं.

"काका, हेच आहे," तो म्हणाला. "सावकाश केलं की झालं. फक्त सुरुवातीला तुम्ही काहीतरी बोललात."

"मी? मी नाही बोललो."

"बोललात. ऐका ना." त्याने ते माझ्या कानाला लावलं. रिकाम्या घरात, दाराच्या बाजूने, माझाच आवाज आला, घाईतला, सवयीतला. 'येतो गं.' आणि लगेच ते घासत आलं.

"तेवढं कापावं लागेल," तो जरा संकोचून म्हणाला.

"कापा," मी म्हटलं. "तिनेही कापलंच असणार."